बसला म्हणजे घरचा

मी डिचोलीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातलं बाकडं बोलतोय. फणसाचं आहे, म्हणून अजून डुगडुगत नाही. बोलायची सवय नाही, तेव्हा काही चुकलं तर लाकूड समजून सोडून द्या.

शंभूबाबांनी दुकान थाटलं त्याच आठवड्यात मला करून घेतलं. उधारी मागायला आलेल्याला ते माझ्यावर बसवायचे आणि चहा मागवायचे. कप रिकामा होईस्तोवर घर कुणाचं, काम कुठवर आलं, पैसे कोण देणार, सगळं काढून घ्यायचे. पटलं तर म्हणायचे, "व्हर रे सिमेंट," आणि पोती लगेच त्याच्या गाडीत चढायची. नाही पटलं, तर चहावरच बोळवण.

पुढे मुलगा प्रज्योत याने पेडण्याला गोदाम काढलं. तिथून फोन करायचा, "बाबांच्या बाकड्यार बसलेला ना तो? मग देतंय." सून संजना बी.कॉम. बिलं तिच्याकडे आणि मांडीवर तान्ही सेजल. एकाच माणसाला दोन्हीकडून किती माल जातो, हे विचारावं असं तिच्या खूप मनात यायचं. मग तिलाच वाटायचं, आपण उगाच शहाणपणा करतोय. तेवढ्यात सेजल रडायची, प्रश्न राहून जायचा.

शंभूबाबांना आताशा कमी ऐकू येतं. चहा चालू राहिला, चौकशी बंद पडली. हे फक्त मला कळलं होतं.

दत्तप्रसाद कंत्राटदार केरीला गेस्टहाऊस बांधत होता. तो माझ्यावर बसला, चहा प्याला. इथून सिमेंट गेलं, पेडण्याहून पाईप गेले, मग संजनाने फरशा पाठवल्या. पावसाआधीच काम बंद पडलं आणि आमची उधारी तशीच राहिली.

सिमेंटच्या डीलरचा माणूस बाबुराव वसुलीला आला. कोल्हापूरचा, एरवी गप्पिष्ट. त्या दिवशी बसलासुद्धा नाही. "वहिनी, जुनं मिटल्याशिवाय गाडी येणार नाही. माझ्या हातात काय नाही बघा."

त्या संध्याकाळी घरच्या तिघांनी पहिल्यांदा एकमेकांना विचारलं.

"बाबा, तुम्ही चौकशी केली नव्हती?" पेडण्याहून आलेल्या प्रज्योतने विचारलं.

"तू पाईप दिलेस. म्हटलं, तुका ठाऊक आसतला."

"आणि मी तुम्हा दोघांकडे बघून फरशा दिल्या," संजना म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

फळ्या रिकाम्या होत गेल्या. परवा दत्तप्रसाद पुन्हा आला. थोडं सिमेंट मिळालं तर काम उरकून सगळं फेडतो म्हणाला. खोटं बोलत नसावा. त्याचेही डोळे खोल गेले होते.

शंभूबाबा सवयीने म्हणाले, "बस रे. चा घे."

संजनाने झोपलेल्या सेजलला उचलून माझ्यावर आडवं निजवलं.

"बाळ निजलंय, भाऊ. उभ्यानंच बोला. गेस्टहाऊसच्या मालकाने तुम्हाला किती पैसे दिले?"

तो आल्या पावली परतला. शंभूबाबा रस्त्याकडे बघत बसले. संजनाचा हात सेजलच्या पाठीवर होता.

देणी फेडायला पुढच्या महिन्यात दुकान दुसऱ्याकडे जाणार. कपाटं, काटा आणि मी, सगळं त्यातच. नवा मालक मला ठेवील की चुलीत घालील, ठाऊक नाही. मालक, ठेवलंत तर माणसं जरूर बसवा. पण बसल्यावर त्यांना विचारा. ते काम मला येत नाही.