अप्पांचे शंभर टक्के

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणजे किती, असे विचाराल तर अवघी नऊ वर्षांची. तुमच्यातले काहीजण माझ्याहून मोठे असतील आणि तरी त्यांना कोणी जुने म्हणत नसेल. पण मी विजेवर चालते, आणि आम्हा विजेच्या मोटारींत नऊ वर्षे म्हणजे केस पिकायचे वय. मला केस नाहीत, म्हणून ते दिसत नाही इतकेच.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. चारही चाकांच्या मध्ये, पोटाखाली, एक जड चपटी पेटी बसवली गेली. तीच माझी बॅटरी. मला पुढे नेण्याची सगळी ताकद त्या पेटीत भरून ठेवतात. शेवटी एका तपासनिसाने माझ्या काचेवर कागद चिकटवला. त्यावर लिहिले होते की एकदा पूर्ण भरली की ही गाडी दोनशे चाळीस किलोमीटर जाते. तो कागद मी फार अभिमानाने मिरवला. तेव्हा मी अजून एकही किलोमीटर चालले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

मला घरी आणले ते एका ताईंनी. त्या घरोघरी जाऊन व्यायाम शिकवतात. कुणाचे हाड मोडलेले असते, कुणाच्या अंगावरून वारे गेलेले असते, कुणी महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेले असते. अशांना पुन्हा उठवायचे, बसवायचे आणि चालवायचे हे त्यांचे काम. माझ्या मागच्या सीटवर रबरी पट्टे, वाळूच्या पिशव्या आणि एक मोठा निळा चेंडू असायचा. वळणावर तो चेंडू इकडून तिकडे लोळायचा आणि ताई म्हणायच्या, "गप बस रे!"

ताईंच्या घरी त्यांचे वडील होते. त्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा घड्याळे दुरुस्त करत. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचे टेबल होते, त्यावर पुस्तकातल्या ठिपक्याएवढे स्क्रू आणि डोळ्याला लावायचे भिंग. भिंतीवर अकरा घड्याळे होती. रोज सकाळी सात वाजता अप्पा एकेका घड्याळाला चावी द्यायचे, अगदी शेवटचा वेढा बसेपर्यंत. अर्धवट चावी दिलेली त्यांना खपत नसे. "द्यायची तर पूर्ण द्यावी," ते म्हणायचे, "नाहीतर हातच लावू नये."

मी आले आणि अप्पांना बारावे घड्याळ मिळाले.

ताई दुपारी कामावरून परतल्या की अप्पा चपला सरकवत बाहेर यायचे. पत्र्याच्या शेडमध्ये मला उभी करून घ्यायचे, तारेचे टोक माझ्या अंगात खुपसायचे आणि आत जाऊन चहा घ्यायचे. संध्याकाळपर्यंत माझ्या पडद्यावर शंभरचा आकडा यायचा. तो पाहिल्याशिवाय अप्पा जेवायला बसत नसत. "शंभर!" ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे. "कशी टणटणीत झाली बघ!"

ताई एखाद्या दिवशी म्हणायच्या, "अप्पा, उद्या सुट्टी आहे. कुठे जायचं नाहीये. राहू दे की."

"सुट्टी तुला आहे, तिला कशाला उपाशी ठेवायची?"

मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मलाही ते फार आवडायचे. इतक्या मायेने कोण कुणाचे करते? पावसाळा असो, कडक उन्हाळा असो, पत्रा तव्यासारखा तापलेला असो, मी आपली शंभर टक्के भरून शेडमध्ये उभी. चार-चार दिवस हललेही नाही तरी शंभर. आजूबाजूच्या लोकांना अप्पा मुद्दाम बोलावून पडदा दाखवत. ते कौतुक ऐकून माझे दिवे आपोआप लागतील असे मला वाटायचे.

ताईंची फेरी ठरलेली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी सर्वांत लांब जायचे. वाटेतली तीन घरे करत शेवटी टेकडीवरच्या एका घरी, एकोणसाठ किलोमीटरवर. तिथे शिट्टीबाई राहत. त्यांनी तीस वर्षे पोहायला शिकवले होते. तलावाच्या काठावरून त्यांनी शिट्टी फुंकली की पाण्यातली मुले जिथल्या तिथे थांबत म्हणे. एके दिवशी त्यांचा डावा पाय आणि डावा हात अचानक ऐकेनासे झाले. तेव्हापासून त्या पलंगावर होत्या आणि शिट्टी उशाशी खिळ्याला लटकलेली होती. धाकटी बहीण त्यांना सांभाळत असे. पलंगाची खिडकी अंगणाकडे होती आणि मी खिडकीखालीच उभी राहत असे, म्हणून मला सगळे ऐकू यायचे.

पहिल्याच दिवशी ताई गमतीने म्हणाल्या, "वाजवून दाखवा की शिट्टी."

"झोपून शिट्टी वाजवत नसतात," शिट्टीबाई म्हणाल्या. "ज्या दिवशी फाटकापर्यंत चालत जाईन, त्या दिवशी वाजवीन."

घराच्या पायरीपासून फाटकापर्यंत चौतीस पावले होती. ताईंनी मोजली होती.

सहा वर्षे मी दोनशे चाळीसच्या तोऱ्यात होते. मग काहीतरी बिनसू लागले. पडद्यावर शंभर दिसायचे, पण ते शंभर पूर्वीइतके पुरायचे नाही. आधी दोनशेला संपू लागले, मग एकशे सत्तरला, मग एकशे तीसला. भांडे काठोकाठ भरलेले दिसावे आणि तळ मात्र वर आलेला असावा, तसे झाले होते. आकडा खोटे बोलत नव्हता, पण खरेही सांगत नव्हता. अप्पा तर आकडाच बघायचे. "शंभर तर आहेत!" ते म्हणायचे. ताईंनी शिट्टीबाईंच्या वाटेवरच्या चार्जिंगच्या ठिकाणी थांबायला सुरुवात केली. तिथे वीस-पंचवीस मिनिटांत काम भागत असे.

आणि मग एका सकाळी माझ्या कंपनीने दुरूनच माझ्या डोक्यात काहीतरी बदलले. पडद्यावर फक्त एवढेच आले : 'नवी सुधारणा पूर्ण झाली.' त्या दिवसापासून मी शंभरला एकशे वीसही नीट जाईना. वाटेतल्या त्या चार्जरवर पूर्वी वीस मिनिटे लागत, तिथे आता सव्वा तास लागू लागला. मला कुणी काही विचारले नव्हते, मित्रांनो, आणि ताईंनाही नाही.

त्याच कारखान्यातल्या माझ्या बहिणींचेही तेच झाले होते. एक पाव पोहोचवणारी होती, एक गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची होती, एक छायाचित्रकाराची. सगळ्यांचे मालक एकदा कंपनीच्या वर्कशॉपच्या अंगणात जमले आणि काउंटरवरच्या माणसासमोर उभे राहिले. मास्तर चिडून म्हणाले, "शिकणाऱ्याला अर्ध्या धड्यात उतरवून देतो मी! कंपनीनं चार्जिंग हळू केलं, ते आम्हाला सांगायला काय झालं होतं?" काउंटरवरचा माणूस प्रत्येकाला एकच उत्तर देत होता, "नॉर्मल आहे, साहेब." ताईंना तो म्हणाला, "नॉर्मल आहे, मॅडम." तक्रारीचा कागद मात्र त्याने सगळ्यांकडून घेतला.

त्यानंतरच्या एका थंडीच्या शुक्रवारी मी ताईंना तोंडघशी पाडले. चार्जरवर मोठी रांग होती, म्हणून त्या न थांबता टेकडीवर गेल्या. परतीच्या वाटेवर घर आठ किलोमीटरवर असताना माझ्या पडद्यावर कासवाचे चित्र उमटले. ते चित्र आले की आम्हाला पळता येत नाही, नुसते सरपटता येते. एक सायकलवाला घंटी वाजवून मला मागे टाकून गेला. पुढे मी थांबलेच. मला ओढून न्यायला दुसरी गाडी आली. त्या वेळी मला किती लाज वाटली ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या सीटवर बसूनच शिट्टीबाईंशी फोनवर बोलल्या. "गाडी आता एवढ्या लांब येत नाही हो. दुसरं कुणी मिळतंय का ते बघते."

पण त्या टेकडीवर जाणारे दुसरे कुणी नव्हते. हे ताईंना ठाऊक होते, शिट्टीबाईंना ठाऊक होते आणि मलाही. शिट्टीबाई तेव्हा नुकत्याच काठीच्या आधाराने चार पावले टाकू लागल्या होत्या. आता व्यायाम थांबला तर तीही चार पावले जाणार होती. आणि हे सगळे माझ्यामुळे!

ताई मला पुन्हा वर्कशॉपमध्ये घेऊन गेल्या. या वेळी अप्पाही हट्टाने सोबत आले. काउंटर सोडून ताई सरळ मागे गेल्या. तिथे मेकॅनिकबाई होत्या, बाह्या दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल खोचलेली. त्यांनी मला यंत्र लावले, बराच वेळ आकडे वाचले आणि विचारले, "रोज किती भरता?"

"शंभर," अप्पा छाती काढून म्हणाले. "नऊ वर्षांत एक दिवस चुकलेला नाही."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"तेव्हाही शंभर."

"गाडी उभी कुठं असते?"

"पत्र्याच्या शेडमध्ये. पावसाचा थेंब लागू दिला नाही."

मेकॅनिकबाईंनी पेन्सिल कानामागून काढली आणि परत खोचली. "आजोबा, रागावू नका. थोडं हिचं वय झालंय. थोडं कंपनीनं आखडून ठेवलंय, बॅटरी तापू नये म्हणून, आणि ते त्यांनी सांगायला हवं होतं. पण थोडं तुमचं प्रेमही नडलंय. हिला गच्च भरून, उन्हाच्या झळांत नुसती उभी ठेवली, की आतली ताकद मरत जाते. रोज ऐंशीपर्यंत पुरे. लांब जायचं त्याच दिवशी, निघायच्या वेळेला शंभर करायचं."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग ते हळूच म्हणाले, "कपाटात ठेवायच्या घड्याळाला मी कधी पूर्ण चावी देत नाही. स्प्रिंग ताणलेली राहिली की ढिली पडते. पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आलोय."

"तेच," मेकॅनिकबाई म्हणाल्या.

"मग मला कसं कळलं नाही?"

घरी आल्यावर ताई आत गेल्या, पण अप्पा शेडमध्ये थांबले. त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. थाप मारली नाही, नुसता ठेवला. "चुकलं गं माझं," ते म्हणाले. मला त्यांना सांगायचे होते की अप्पा, मलाही तुमचे ते शंभर आवडत होते. पण हॉर्नशिवाय मला आवाज नाही आणि तो अशा वेळी बरा दिसला नसता.

त्याच संध्याकाळी शिट्टीबाईंचा फोन आला. त्या इतक्या मोठ्याने बोलत होत्या की शेडपर्यंत ऐकू येत होते. "तुझ्या गाडीला लागते काय? वीजच ना? मग ती काय फक्त तुझ्याच घरी येते? आमच्या फाटकाच्या खांबाला दिव्याचा बोर्ड आहे. लाव तिथं!"

"अहो, साध्या प्लगवर तासाला जेमतेम बारा किलोमीटर भरतात. आणि मी तुमच्याकडं चाळीसच मिनिटं असते."

"मग तासभर थांब. चाळीस मिनिटांत तू घड्याळच बघत असतेस, पोरी."

ताई हसल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या! कमी पडत होते ते आठ किलोमीटर आणि तासाला मिळत होते बारा. हिशेब इतका सोपा होता आणि आम्ही सगळे मोठमोठ्या चार्जरच्या मागे धावत होतो. मेकॅनिकबाईंनी फोनवर सांगून तो बोर्ड आधी वायरमनकडून तपासून घ्यायला लावला, मगच ताईंनी मला तिथे जोडले. आता मी खिडकीखाली नाही, फाटकापाशीच उभी राहते.

तेव्हापासून अप्पांनी मला नव्याने शिकून घेतले. रोज ऐंशीला तार काढतात. आकडा ऐंशीच्या पुढे गेलेला दिसला तर स्वतःवरच चिडतात. मंगळवारी आणि शुक्रवारी गजर लावून असा बेत जमवतात की नऊ वाजता शंभर व्हावेत आणि नऊ वाजून एक मिनिटाला माझी चाके हलावीत. ताईंना उशीर झाला तर दारात उभे राहून हाका मारतात, "चल गं, शंभर होऊन दोन मिनिटं झाली!" शेडच्या पत्र्याखाली त्यांनी गवताची चटई बांधली आहे. मालकांच्या तक्रारींचे कंपनीकडून अजून उत्तर आलेले नाही. मास्तर दर महिन्याला नवे पत्र लिहितात आणि ताई त्यावर सही करतात.

माझे गेलेले किलोमीटर काही परत आले नाहीत. ते येतही नसतात. पण जे उरले आहेत ते टिकून आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी हळू झालेले असेल. एखादी मोटार, एखादे यंत्र, किंवा एखादे माणूस. पूर्वी इतके जायचे, आता का जात नाही, म्हणून त्याच्यावर वैतागू नका. आणि माया आहे म्हणून त्याला गच्च भरूही नका. त्याला किती हवे आहे, ते आधी विचारा. आम्हाला विचारले तर आम्ही पडद्यावर, आवाजात, चालीत, कुठेतरी उत्तर देतोच.

परवा शुक्रवार होता. मी टेकडीवर पोहोचले तेव्हा शिट्टीबाई पायरीवर उभ्या होत्या, उजव्या हातात काठी, गळ्यात शिट्टी. ताई तार घेऊन फाटकाच्या खांबाकडे निघाल्या, तर त्या ओरडल्या, "थांब! आज प्लग मी लावणार."

धाकटी बहीण एका बाजूला आणि ताई दुसऱ्या बाजूला, पण हात कुणीच लावला नाही. शिट्टीबाई निघाल्या. डावा पाय घासत होता, तरी येत होता. विसाव्या पावलाला त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला घाई नाही ना?" मला कसली घाई! तिसाव्याला ताईंनी मोजणे सोडून दिले, कारण त्यांना समोरचे नीट दिसेना.

फाटकाच्या खांबाला पाठ टेकून शिट्टीबाईंनी ताईंच्या हातातला प्लग घेतला आणि बोर्डात खोचला. माझा छोटा हिरवा दिवा लागला. मग त्यांनी शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली. टेकडीखालच्या रस्त्यावर एक सायकलवाला जागच्या जागी थांबला.