मृत्युपत्राची रंगीत तालीम

मालकांनी लॉन्ड्रीच्या किल्ल्यांचा जुडगा जेवणाच्या टेबलावर ठेवला, शेजारी दुकानाचा फोन ठेवला आणि रिकामे झालेले हात मांडीवर घेऊन बसले.

"उद्यापासून आठवडाभर मी वारलोय असं समजा."

थोरल्याचा घास हातातच राहिला. धाकटीने आईकडे पाहिलं. मालकीणबाई शांतपणे पेल्यांत पाणी ओतत होत्या.

"वारलेल्या माणसाला सकाळचा चहा लागतो का?" त्यांनी विचारलं.

"चहा लागेल. दुकानाचं मात्र काही विचारायचं नाही. मी बोलणार नाही."

घोडं अडलं होतं ते वकीलबाईंच्या एका प्रश्नापाशी. मृत्युपत्र तयार होतं. घर बायकोला, लॉन्ड्री दोन्ही मुलांना निम्मी निम्मी. मालक सहीसाठी वाकले, तेवढ्यात वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "दोघांचं पटलं नाही, तर शेवटचा शब्द कोणाचा?" मालकांनी पेनाला पुन्हा टोपण लावलं.

कारण दोघांचं पटतच नसे. थोरल्याला मशीन कळायची, धाकटीला गिऱ्हाइकं. कामाला दोघंही वाघ, पण एकाने पूर्व म्हटलं की दुसऱ्याची पश्चिम ठरलेली. मग दोघंही बाबांकडे येत आणि बाबा निकाल देत. समोरच्या बेकरीतल्या भावांचंही वडील होते तोवर असंच चालायचं. वडील गेले, दुकानात मधोमध भिंत आली आणि वर्षभरात भिंतीच्या दोन्ही बाजूंना टाळं लागलं. ते टाळं मालकांना रोज दिसायचं. आपल्या दुकानाचं तसं झालेलं त्यांना सहन होणार नव्हतं, मेल्यावरसुद्धा.

पहिले दोन दिवस त्यांचे हाल झाले. घर दुकानाच्या वरच. खालून वाफेचा फुसकारा आला की त्यांचा पाय आपोआप जिन्याकडे वळायचा. एकदा काहीतरी करपल्याचा वास आला, तेव्हा खुर्ची घट्ट धरून बसले. रस्त्यात एका जुन्या गिऱ्हाइकाने कोटाबद्दल विचारलं, तर "मी सध्या नाहीये," असं सांगून चालू लागले. तो माणूस बराच वेळ वळून वळून पाहत होता.

तिसऱ्या दिवशी खाली आवाज चढले. एका हॉटेलच्या चादरींचं रोजचं काम येत होतं. धाकटीला ते हवं होतं. थोरला म्हणत होता, चादरींच्या ढिगात नेहमीच्या गिऱ्हाइकांचे कपडे मागे पडतील. मालक जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन कान देऊन बसले. थोड्या वेळाने पावलं वर आली. ते सावरून बसले. आता विचारणार.

"बाबा, जरा सरकता?" थोरला म्हणाला.

दोघंही त्यांच्या शेजारून स्वयंपाकघरात गेली. मालकीणबाई शर्टाला बटण लावत होत्या. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, दोरा दाताने तोडला.

"दिवसा गिऱ्हाइकांचे कपडे, रात्रीच्या पाळीला चादरी. असं जमेल?"

"जमेल," थोरला म्हणाला.

"मग महिनाभरच घ्या आधी. पुढचं पुढे बघू."

दोघं आली तशी खाली गेली.

मालक पायरीवरच बसून राहिले. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. दिवा मालवल्यावर "मी आपलं सुचवते हं" म्हणून जे कानावर पडायचं, तेच सकाळी ते दुकानात आपला निकाल म्हणून ठणकावून सांगायचे. इतकी वर्षं. त्यांना स्वतःचंच हसू आलं, आणि बायकोबद्दल एकदम फार माया वाटली. ते उठून स्वयंपाकघरात गेले.

"शेवटचा शब्द तुझा. तसं लिहून घेतो."

"मुळीच नको."

"का?"

"तुम्ही वारून निवांत बाल्कनीत बसणार, आणि मी म्हातारपणी यांचे तंटे सोडवत बसू? आणि माझ्यामागे कोण?" त्यांनी सुई डबीत ठेवली. "उद्यापासून मीही वारते."

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको सकाळीच बाहेर पडली. दुकानात नवी खडाजंगी सुरू झालीच होती. चादरींसाठी मोठं मशीन आणायचं, तर जागा हवी. धाकटी म्हणत होती, जुनं काढा. थोरला म्हणत होता, अजून चालतंय. जुनं म्हणजे मालकांनी धंदा सुरू केला तेव्हाचं पहिलं मशीन. मालकांचा पाय उंबऱ्याशी घुटमळला. बाईंनी त्यांना दंडाला धरून पुढे नेलं.

तळ्याकाठच्या बाकावर ऊन छान होतं. कितीतरी वर्षांत दोघं अशी भर दिवसा, बिनकामाची, शेजारी बसली नव्हती. बाईंनी चपला काढून पाय गवतावर ठेवले. मालकांना सुखाची जांभई आली.

बाईंचा फोन वाजला. धाकटी. बाईंनी तो वाजू दिला. लगेच पुन्हा वाजला. या वेळी थोरला. मालकांचा हात पुढे आला, तेव्हा बाईंनी फोन पिशवीत टाकला. वाजून वाजून तो थांबला.

दोघं तिसऱ्यांदा वाजायची वाट पाहत राहिली. ऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकलं.

"मिटलं असेल त्यांचं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे सही करायला हरकत नाही."

"नाही."

मालक तळ्याकडे पाहत होते.

"इतक्यात मिटलं?" ते म्हणाले.

बाईंनी पिशवीतून फोन काढला आणि बंद तर पडला नाही ना, ते पाहिलं. चालू होता.