पुलाखालचा एकोणिसावा खड्डा

नगर परिषदेच्या सभागृहात रस्ते विभागाच्या इंजिनिअरला आज खुर्ची बोचत होती. अध्यक्षबाई त्याचाच अहवाल वाचत होत्या आणि घड्याळ साडेचारकडे सरकत होतं.

"सायकलमार्गावरचे एकोणीसच्या एकोणीस खड्डे बुजवले," बाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

अठरा! एकोणिसावा पुलाखाली तसाच होता, फुटलेल्या नळाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला. बघणाऱ्याला वाटावं, नुसतं डबकं. पण विभागाची रीतच अशी की यादी सोमवारी द्यायची आणि डांबराची गाडी मंगळवारी काढायची. म्हणून सोमवारीच 'बुजवला' लिहून मोकळं व्हायचं. बारा वर्षं हे खपलं. काल गाडी वाटेतच बंद पडली, आणि मुकादमाने ते आत्ता, सभा सुरू झाल्यावर फोनवर सांगितलं.

एवढ्याने काही आभाळ कोसळत नव्हतं. पण त्याची लेक आज पहिल्यांदाच शाळेतून एकटी सायकलने येणार होती, पुलाखालूनच. सकाळी तिने विचारलं होतं, "बाबा, रस्ता नीट आहे ना?" यानेही छाती फुगवून सांगितलं होतं, "माझ्या सहीचा रस्ता आहे!"

शाळा पावणेपाचला सुटायची. शाळेत कोणी फोन उचलेना. तो उभा राहिला.

"बाई, एक खड्डा राहिलाय."

"अहो, कागदावर तर..."

"कागदावर मीच लिहिलंय. खोटं आहे ते."

शेजारच्या साहेबांनी त्याची बाही ओढली. "खाली बस! नोकरी नकोशी झालीय का?"

तो बसला नाही, धावत सुटला.

पुलाखाली ना फलक, ना अडथळा. उतारावरून सायकली सुसाट येत होत्या. काही सुचेना, तेव्हा हा पठ्ठ्या बुटांसकट खड्ड्यात उतरला. पाणी पोटरीपर्यंत आलं. लोक वळसा घालून जात होते, कोणी शिव्याही हासडल्या.

मग ओळखीची घंटी वाजली. लेकीने करकचून ब्रेक दाबला. मागे दोन मैत्रिणी होत्या.

"बाबा! असे काय उभे आहात? सगळे बघतायत!"

"इथे खड्डा आहे गं. बुजवला म्हणून मी लिहिलं होतं."

"न बघताच?"

बारा वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"न बघताच," तो म्हणाला.

ती सायकलवरून उतरली, सायकल त्याच्या पुढे आडवी लावली आणि उतारावरून येणाऱ्यांसाठी घंटी वाजवत राहिली.