नंबराची बाजू

महिन्यात तिसऱ्यांदा अयोध्याताईंची गाडी मुरुम गावच्या गॅरेजपुढं येऊन थांबली, तेव्हा बसवराज मिस्त्रीला उठावंसंच वाटेना. सकाळपासून तो गाड्यांच्या पोटाखाली होता. वय बेचाळीस, पण कंबरेचं वय विचारायची सोय नव्हती.

"दिवा परत लागलाय, भाऊ," ताई म्हणाल्या. त्या उपकेंद्रातल्या नर्स, लसींचा डबा घेऊन रोज चार गावं फिरणाऱ्या. "परवा ओल्या पुलावर एकदम ब्रेक दाबला, तर चाकं जाम होऊन गाडी घसरतच गेली. कठडा होता म्हणून वाचले. आता नीट झाल्याबिगर न्हेत न्हाय."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या किल्ली ठेवून, रिक्षा थांबवून निघूनही गेल्या. डोळे झाकून विश्वास टाकणारं गिऱ्हाईक फार जड असतं.

दिवा एबीएसचा होता, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, तो चाकाचा वेग मोजतो. त्यातला एक जरी मुका झाला तरी सगळी यंत्रणा हात वर करते, आणि मग जोरात ब्रेक दाबला की चाक जाम. पुढचं डावं चाक, असं स्कॅनर पहिल्या दिवसापासून सांगत होता. पहिल्या खेपेला बसवराजनं सेन्सर पुसून बसवला, दुसऱ्या खेपेला नवाच घातला. दोन्ही वेळा स्कॅनरवरचा बिघाडाचा कोड पुसला, दिवा विझला, आणि गावाची वेस ओलांडायच्या आत तो पुन्हा लागला असणार. गाडी फिरवून बघायला पाहिजे होती. पण दारात चार गाड्या उभ्या असल्या की दिवा विझला यावरच माणूस समाधान मानतो.

आज त्यानं जॅक लावला आणि एकेक चाक हातानं गरागरा फिरवलं. तीन चाकांचे आकडे स्कॅनरवर हलले, डाव्याचा शून्य काही हलेना. मग त्यानं डावा सेन्सर उजवीकडं लावला आणि उजवा डावीकडं. ज्याला शिव्या घातल्या तो सेन्सर उजवीकडं गुणी पोरासारखा आकडे दाखवायला लागला. डावीकडं पुन्हा शून्यच. वायरला मीटर लावला, करंट येत होता.

उरलं काय? चाकाचं बेरिंग. या गाडीत बेरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाची कडी असते, सेन्सर तीच वाचतो. आणि हे बेरिंग महिन्यापूर्वीच बदललं होतं. बसवलं होतं अप्पांनी.

अप्पा म्हणजे धोंडप्पा, गॅरेजातले सगळ्यात जुने मिस्त्री, आत बेरिंग दाबायच्या प्रेसजवळ स्टुलावर बसले होते. एकाहत्तर वर्षांचे. गुडघे गेल्यापासून बाकी कामं सुटली, पण बेरिंग दाबून बसवायचं काम त्यांचंच. शटर उघडायच्या आधी येऊन बसायचे. अप्पांच्या हातच्या कामावर शंका घ्यायची, हे बसवराजला कधी सुचलंच नव्हतं.

अप्पांचा एक नेम होता. बेरिंगवरचा नंबर बाहेरच्या अंगाला ठेवायचा. उद्या दुसऱ्या कुण्या मिस्त्रीनं चाक उघडलं, तर त्याला बेरिंग न काढता नंबर वाचता यावा. चाळीस वर्षं त्यांनी हे न बघितलेल्या माणसांसाठी केलं होतं. जुन्या बेरिंगांना दोन्ही बाजू सारख्याच, बिघडत काहीच नव्हतं.

बसवराजनं सेन्सरच्या भोकातून लोखंडाचा बारीक कीस आत धरला. एक कणही चिकटला नाही. मग त्यानं चाक खोललं, बेरिंगच्या बाहेरच्या बाजूवर कीस भुरभुरला, आणि सीलवर फणीच्या दातांसारख्या रेषा उभ्या राहिल्या. त्याच सीलच्या कडेला नंबर होता. चुंबक सेन्सरकडं पाठ करून बसलं होतं.

तो खालीच बसला. राग कुणावर काढायचा तेही कळेना. हे एक काम काढून घेतलं तर म्हातारा घरी बसून काय करणार? त्यानं ताईंना फोन लावला.

"ताई, सापडलं. बेरिंगच खराब निघालं, कंपनीतूनच. उद्या नवं घालून देतो."

"कुठलं खराब निघालं?" अप्पांनी स्टुलावरून विचारलं. "बघू."

"बिड्री," बसवराज कानडीत म्हणाला, "जाऊ द्या, अप्पा."

पण अप्पा भिंत धरत आले. रेषा बघितल्या, मग नंबर बघितला. बराच वेळ त्यांचा अंगठा त्या नंबरावरून फिरत राहिला.

"ही बाजू आत पाहिजे व्हती?"

"व्हय."

"फोन लाव बाईंना. माझ्याकडं दे." फोन लागला तसे ते उभ्या उभ्याच बोलले, "बाई, म्या धोंडप्पा. बेरिंग चांगलं व्हतं. म्या उलटं बसवलं. पुलावर तुमी वाचलात ते तुमच्या नशिबानं, माझ्या हातानं न्हाय." पलीकडून ताई काहीतरी समजुतीचं बोलल्या. अप्पांनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

बसवराजला वाटलं, संपलं एकदाचं. वाईट वाटत होतं आणि हलकंही वाटत होतं.

"असल्या सीलची आणखी दोन बसवली म्या," अप्पा म्हणाले. "हिंमतराव गुरुजींची गाडी, आन् अणदूरच्या बलभीमची. त्यांचे दिवे लागले न्हाईत व्हय?"

बसवराज पान्याला लागलेलं ग्रीस पुसत राहिला. दोघंही आले होते. लग्नसराई होती, श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ब्रेक लागतोय न्हवं, मग दिव्याचं काय एवढं, असं म्हणून त्यानं दोघांना वाटेला लावलं होतं.

"लागले व्हते," तो म्हणाला. "म्या वरनं काळी टेप चिकटवली."

अप्पा ओरडले नाहीत. ओरडायचं त्राणही नव्हतं, आणि ओरडले असते तर बसवराजला ते सोसलंही असतं. त्यांनी फोन पुढं केला.

"माझं म्या सांगितलं. तुझं तू सांग."

बलभीमनं तिसऱ्या रिंगला उचलला. मागं लेकरांचा कलकलाट, गाडीचा आवाज. "बोला मिस्त्री! नळदुर्ग सोडलं बघा आत्ताच, सगळेच निघालोय सोलापूरला. लई पाऊस हाय हिकडं, काय ऐकूच येईना."

"बलभीम," बसवराज ओरडला, "आधी गाडी कडेला घे. हळू, ब्रेक जोरात दाबू नको. कडेला घे, मग सांगतो."