उडीचं तिकीट

ऑफिसात तिला सगळे गोष्टीबाई म्हणत. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर नऊ माणसं मिळून एक ऑनलाइन खेळ चालवत होती, आणि त्या खेळातली पात्रं जे काही बोलतात, रडतात, एकमेकांना शाप देतात, ते सगळं गेली सात वर्षं ती एकटी लिहीत होती. खेळाची रीत सोपी. आपण एक पात्र घ्यायचं, हातात काठी घेऊन पहिल्या लेव्हलला निघायचं आणि लढत-शिकत वर चढत जायचं. वाटेत एक मोठी गोष्ट उलगडत जाते. साठाव्या लेव्हलला पोचलं की मित्रांची टोळी जमवून अगडबंब राक्षसांशी लढायचं. खरी धमाल तिथे. फक्त तिथवर पोचायला चाळीस तास लागत.

एका सोमवारी मालकांनी सगळ्यांना खिडकीजवळच्या टेबलाशी बोलावलं. मालक माणूस तसा दिलदार, पण बोलताना हातातलं पेन टकटक उघडायची-मिटायची त्यांना सवय होती, आणि टकटक वाढली की समजायचं, काहीतरी शिजतंय. त्या दिवशी पेनाचं स्प्रिंग तुटायच्या बेताला आलं होतं.

"नवे लोक येतात, दोन दिवस खेळतात आणि पळतात," ते म्हणाले. "त्यांचे मित्र बसलेत वरच्या मजल्यावर आणि हे खाली जिना चढतायत. म्हणून आता आपण तिकीट विकायचं. तिकीट घेतलं की थेट साठावी लेव्हल. मधली सगळी गोष्ट वगळलेली. नाव ठेवलंय 'उडी'."

गोष्टीबाईच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "मधली गोष्ट म्हणजे माझी पाच वर्षं."

"ज्यांना नको आहे त्यांच्यापुरतीच वगळायची हो."

"कादंबरी विकताना पहिली तीनशे पानं फाडून द्याल का तुम्ही?"

"गिऱ्हाईक मागत असेल तर देईन," मालक शांतपणे म्हणाले. "वर फाडण्याची मजुरी घेईन."

टेबलाभोवती हशा पिकला. सर्वांत मोठ्याने हसला तो प्रोग्रामर, जो एरवी तिच्या डब्यातलं निम्मं खायचा. गोष्टीबाई हसली नाही. त्यात मालकांनी आणखी एक काम तिच्याच गळ्यात घातलं. उडी मारणाऱ्यांना अगदीच अंधारात ठेवायला नको, म्हणून मागच्या गोष्टीचा दोन मिनिटांचा सारांश हवा होता. "काय गाळायचं ते तुमच्याइतकं कुणाला कळणार," असं म्हणून ते उठले सुद्धा.

आठवडाभर ती त्या सारांशाशी झटत होती. पहिला खर्डा चार पानांचा झाला. दुसरा तीन पानांचा. तिसऱ्यात तिने नावाड्याला एका वाक्यात बसवून पाहिलं आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. हा नावाडी म्हणजे तिचं सगळ्यात लाडकं पात्र. एकाच दिवशी तो एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन सैन्यांना नदीपार नेतो, सकाळी एकाला, संध्याकाळी दुसऱ्याला. पुढे दोघंही त्याची झोपडी जाळतात, आणि तरी दुसऱ्या दिवशी तो वल्हं घेऊन धक्क्यावर हजर. सातशे ओळी लिहिल्या होत्या तिने त्याच्यावर. आता म्हणे, "एक नावाडी तुम्हाला नदीपार नेतो." एवढंच.

ती घरी नवऱ्यापाशी धुसफुसली, फोनवर बहिणीपाशी धुसफुसली. आणि ज्या दिवशी उडी विक्रीला आली, त्याच दुपारी नणंदेचा फोन आला.

"अगं, येतेस का जरा? मी ते तिकीट घेतलंय तुमच्या खेळाचं. आता पुढे काय दाबायचं कळेना."

नणंद मोठ्या इस्पितळात नर्स होती. अपघात विभागात बावीस वर्षं काढलेली, सगळ्यांची ताई. तिचा एकुलता एक मुलगा पवनचक्क्या दुरुस्त करायच्या नोकरीला लागून दीड वर्षापूर्वी लांब गेला होता. फावल्या वेळात तो हाच खेळ खेळे. ताईने कुठलं तिकीट घेतलं ते कळलं, आणि गोष्टीबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परक्यांनी उडी मारली तर एक वेळ चालेल, पण घरच्यांनी? तरी ती गेली.

ताईचं घर नेहमीसारखं लख्ख होतं. धुतलेले गणवेश खुर्चीच्या पाठीवर, टेबलावर लॅपटॉप, त्याच्या बाजूला वही, वहीत खेळातल्या बटणांची यादी औषधांच्या चिठ्ठीसारखी लिहिलेली.

"ताई, एक विचारू का? रागावू नका," गोष्टीबाई बसता बसताच म्हणाली. "मी इतकं जीव ओतून लिहिलं आणि तुम्ही पैसे देऊन ते टाळलंत?"

ताईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुझं लिहिलेलं कुठलं टाळलं मी? तिथवर पोचलेच नाही. तीनदा सुरू केला खेळ. तिन्ही वेळा त्या दलदलीत अडकले. पन्नास बेडूक मार, मग तीस लव्हाळी आण, मग परत जा नि अजून पन्नास बेडूक मार. आठवड्यातून दोन दुपारी मिळतात मला. त्या मी बेडकांत घालवल्या. त्या बेडकांत कुठे आहे गं तुझी गोष्ट?"

गोष्टीबाईला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण त्या बेडकांत गोष्ट नव्हतीच. पाच वर्षांपूर्वी मालक म्हणाले होते, खेळ लवकर संपतो, दहा-बारा तास वाढवा. तेव्हा प्रोग्रामरने बेडूक सोडले आणि लव्हाळ्याची कामं खुद्द तिनेच लिहिली, एका शुक्रवारी, घरी जायच्या घाईत. चक्क पाणी घालून वाढवलेलं काम.

ती ताईला बटणं दाखवू लागली. ताईने वैद्याचं पात्र घेतलं होतं. टोळीतल्या जखमींना बरं करायचं हे त्याचं काम. हेडफोन ताईच्या कानाला टोचत, म्हणून आवाज स्पीकरवर ठेवला होता. इतक्यात भाच्याचा आवाज आला.

"आई, दिसतेस मला. ती कडेला भिंतीत तोंड खुपसून उभी आहे ती तूच ना?"

"मीच. मामी पण आलीये शेजारी."

"मामी, हिला वळायला शिकवा आधी."

पहिली लढाई अर्ध्या मिनिटात आटोपली. ताईने औषधाऐवजी मशाल फेकली आणि आख्खी टोळी धारातीर्थी पडली. टोळीतला कुणी अनोळखी गडी वैतागून म्हणाला, "हे उडीवाले आले की असंच होतं." भाच्याने त्याला खासगीत काय लिहून पाठवलं कुणास ठाऊक, तो निघून गेला. दुसरी लढाई तीन मिनिटं टिकली. तिसऱ्या लढाईत मात्र ताईचा हात बसला. चौघं जखमी, तिघं आरडाओरडा करतायत, आणि ताई सरळ त्यांना ओलांडून कोपऱ्यात निपचित पडलेल्याकडे गेली.

"आई, मला दे ना आधी, मी मरतोय."

"जो ओरडतो त्याला अजून वेळ असतो," ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "गप्प पडलेल्याला आधी बघायचं."

राक्षस पडला. टोळीतले दोघं तिला वैद्यबाई म्हणू लागले. गोष्टीबाईला हसू आवरेना. हे काही बेडूक मारून शिकता आलं नसतं.

लढाई संपवून सगळे नदीकाठी आले. धक्क्याला होडी लागली होती, आणि काठावर उभे असलेले पाच-पन्नास खेळाडू एकदम खाली वाकले. हे वाकणं खेळात कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. लोकांनीच ती पद्धत पाडली होती. ताईचं पात्र तेवढं ताठ उभं.

"हा म्हातारा कोण रे?" तिने विचारलं. "सगळे याला नमस्कार का करतायत?"

गोष्टीबाईने उत्तरासाठी तोंड उघडलं, पण भाचा आधीच सांगू लागला होता.

"अगं, हा नावाडी. याची मोठी गंमत आहे. थांब, बस तिथे खाली. बसायचं बटण आहे बघ."

आणि तो सांगत सुटला. सकाळचं सैन्य, संध्याकाळचं सैन्य, जळालेली झोपडी. मधली एक राणी तो साफ विसरला. नावाड्याच्या बायकोला त्याने बहीण करून टाकलं. गोष्टीबाई खुर्चीच्या कडेवर आली होती. दोनदा ओठांवर आलेली दुरुस्ती तिने गिळली.

"पण त्याने दोघांनाही का नेलं?" ताईने विचारलं.

"तो घाबरला होता असं लिहिलंय त्यात. मला नाही पटत. मला वाटतं, कोण बरोबर नि कोण चूक हे ठरवून ठरवून तो थकला होता. होडी चालवता येते, ती चालवू, एवढंच उरलं होतं त्याच्यापाशी. मी इथे आलो ना नोकरीला, पहिले तीन महिने ओळखीचं कुणी नव्हतं. वारा जास्त असला की चढू देत नाहीत वर, दिवसभर खोलीत. तेव्हा मी या धक्क्यावर येऊन बसायचो. खेळायचो पण नाही."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू कुठे विचारलंस? तू विचारायचीस, जेवलास का."

ताईने चष्मा काढला आणि गणवेशाच्या टोकाला पुसला. मग म्हणाली, "बरं. जेवला होतास का?"

भाचा हसायला लागला, ताईही हसली, आणि पुढचा तासभर दोघं पडद्यावर नदीकाठी बसून पवनचक्कीबद्दल, त्याच्या खोलीतल्या गळक्या नळाबद्दल, ताईच्या नव्या मेट्रनबद्दल बोलत राहिली. आपण इथे बसलोय हे दोघांच्याही ध्यानात नाही, हे पाहून गोष्टीबाई हळूच उठली आणि दार ओढून घेऊन निघाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने एक केलं. स्वतःचाच खेळ अगदी नव्याने, पहिल्या लेव्हलपासून खेळायला घेतला, आणि शेजारी घड्याळ ठेवलं. आठ दिवसांत हिशेब समोर आला. चाळीस तासांपैकी गोष्ट सतरा तासांची. उरलेले तेवीस तास बेडूक, लव्हाळी, हरवलेल्या कोंबड्या आणि उगाच लांबवर नेऊन सोडलेले रस्ते. कोंबड्याही तिच्याच होत्या. दोन ठिकाणी तर तिची लाडकी संभाषणं इतकी रटाळ निघाली की तिने स्वतःच ती भराभर पुढे ढकलली.

ती मालकांपुढे जाऊन उभी राहिली. प्रोग्रामर तिथेच बसून तिच्या डब्यातलं खात होता.

"उडी विका," ती म्हणाली. "माझी ना नाही. ज्यांना वेळ नाही, ज्यांचं माणूस वर बसलंय, त्यांनी खुशाल मारावी. पण आधी रस्ता नीट करू. बेडूक काढू, कोंबड्या काढू. दलदल आपणच केली आणि आता तिच्यावरून उडी मारायचं तिकीटही आपणच विकतोय. हे बरं दिसत नाही."

"रस्ता नीट केला तर उडी कोण घेईल?" मालक म्हणाले.

प्रोग्रामरचा घास तोंडातच राहिला. मालकांनी पेन एकदा उघडलं, मिटलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

"मी काय बोललो ते ऐकू आलं मला," ते म्हणाले. "किती दिवस लागतील?"

महिना लागला. बेडकांच्या दलदलीत आता पाच बेडूक उरले, तेही प्रोग्रामरने हट्टाने ठेवले म्हणून. लव्हाळी गेली, कोंबड्या गेल्या, आणि गोष्टीबाईने आपल्याच हाताने आपल्या तीनएकशे ओळी कापल्या. पहिल्या शंभर कापताना जिवावर आलं, पुढच्या दोनशे कधी गेल्या कळलंही नाही. सारांशाऐवजी तिने सगळी प्रकरणं एका वहीसारखी खेळातच ठेवली. उडी मारलेल्याला वाटेल तेव्हा, वाटेल ते पान उघडून खेळता यावं, फुकट.

उडीची विक्री निम्म्यावर आली. मालक चार दिवस पडेल चेहऱ्याने वावरले. मग नवे लोक पळायचे कमी झालेत असं दिसलं, तेव्हा जरा सावरले, पण निम्म्या विक्रीची हळहळ त्यांना होती ती राहिलीच. जुन्या खेळाडूंनी वेगळाच गोंधळ घातला. आम्ही शेकड्यांनी बेडूक मारले, मग यांनाच का सूट, असं एकाने लांबलचक पत्र लिहिलं. गोष्टीबाईने त्याला उत्तर पाठवलं की तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्या तासांबद्दल आम्ही दिलगीर आहोत. त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, की तशी मजाही आली होती.

ताई दर गुरुवारी दुपारी खेळते. टोळीत वैद्यबाईला मान आहे, तिची सुट्टी बघून लढाया ठरतात. एकदा गोष्टीबाईने न राहवून विचारलं, "ताई, खेळातली ती वही उघडून पाहिलीत का? नावाड्याचं प्रकरण आता छान सुटसुटीत झालंय."

"नाही गं," ताई इस्त्री करता करता म्हणाली. "आणि वाचणारही नाही. तो थोडं थोडं सांगतो मला दर वेळी. मी वाचलं तर त्याला कळेल ना, मला सगळं ठाऊक आहे ते."

"पण तो चुकीचं सांगतो. ती बायको आहे त्याची, बहीण नव्हे."

"असू दे," ताई म्हणाली आणि दुसरा गणवेश पाटावर पसरला.

गोष्टीबाईला ते लागलं, थोडंसं. घरी जाताना वाटभर लागत राहिलं. मग बसमध्ये बसल्या बसल्या तिने मोबाइल काढला आणि नव्या प्रकरणाची पहिली ओळ लिहिली. त्यात नावाड्याला एक बहीण होती.