कोरड्या डोळ्यांचा धवला

चंद्रावतीने तळहातावर गोळी काढली, तेवढ्यात भामाने तिचं मनगट धरलं.

"आजच्या दिस नको घेऊ गं. आज अंकिताचा धवला हाय."

"डाक्टर बोललेत, मनानं बंद नाय करायची."

"डाक्टरला काय ठावं धवला? या गोल्यांनी तुजं डोलं सुकलं, चंद्रा. पळस्प्याच्या लग्नात गायलीस, एक बाई रडली नाय!"

भामा ही थोरली जाऊ. तोंडाची फटकळ, पण घर तिनेच सावरलेलं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा काशिराम गेला आणि आज लेकीची, अंकिताची हळद आली. विचुंबे गावात टॉवर उठले, डीजे आला, तरी मांडवात देवांना आणि घरच्या गेलेल्या माणसांना नावानिशी बोलवायचं ते धवलारणीनेच, धवला गाऊन. ती धवलारीण चंद्रावती. काशिरामचं नाव आज पहिल्यांदा पुकारायचं होतं. त्या नावाला मांडव रडला नाही तर काय, हा भामाच्या जिवाला घोर.

खोटं कशाला सांगा, चंद्रावतीलाही तीच धास्ती होती. पूर्वी धवला तिच्या घशात यायच्या अगोदर डोळ्यांत यायचा. मग डोळेच थांबेनात. एका मांडवात धवला अर्धा टाकून ती कोसळली, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली ती महिनोन्‌महिने. भाकरी थापायचंही बळ उरलं नव्हतं. पनवेलच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती चुलीपाशी परत आली, हसायलाही लागली. रडू मात्र येईना. रडू गेलं तसा धवलाही जाईल का, हे डॉक्टरांना विचारायची तिला भीती वाटली होती.

तिने हात सोडवून घेतला आणि गोळी गिळली. भामा फणकाऱ्याने निघून गेली.

संध्याकाळी पाटावर अंकिता बसली, भोवती बायकांची दाटी झाली. चंद्रावतीने कर्नाळ्याच्या कर्णाईला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, सासऱ्यांना बोलावलं. मग काशिरामचं नाव घेतलं. आवाज हलला नाही. डोळे कोरडे ठणठणीत. तिची तिलाच लाज वाटली.

तोच मागून हंबरडा फुटला. भामा! नवऱ्याची तिरडी उचलतानाही जिच्या डोळ्यांत कुणी टिपूस पाहिलं नव्हतं, ती मांडवाचा खांब कवटाळून रडत होती. बायका धावल्या. चंद्रावतीही उठणार होती, पण धवला अर्धा टाकायचा नव्हता. ती गात राहिली. उरलेली सगळी माणसं तिने एकेक करून मांडवात आणून बसवली.

सकाळी भामा आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. हातात पाण्याचा तांब्या.

चंद्रावतीने मान खाली घातली. "बाय, मला रडूच नाय आलं गं."

भामा उंबऱ्यावर टेकली.

"ते गेलं त्या दिशी तू बेसुद पडलीस. मी तुला धरून बसले. बाराव्याला बी तुलाच धरलं." तिने पदराने नाक पुसलं. "काल तुला धराया लागलं नाय."

मग तांब्या पुढे सरकवत ती म्हणाली, "गोली कुठं हाय तुजी? घे."