अर्ध्या शेंगेचा डबा

मित्रांनो, जरा वाकून माझ्या पोटाकडे बघा. भुईमुगाची अर्धी शेंग दिसते ना? एके काळी ती अख्खी होती, पिवळीधमक, आणि तिच्या शेजारी गुजरातीत लाल अक्षरांनी 'शुद्ध सिंगतेल' असं छापलेलं होतं. अक्षरं पार गेली, शेंगही अर्धी गेली. मी पंधरा किलो तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. हल्लीची पोरं मला डबासुद्धा म्हणत नाहीत, 'ते काय ठेवलंय तिथे' म्हणतात. म्हणू देत बापडी. तुम्ही मात्र माझं शेवटपर्यंत ऐका.

माझं पहिलं घर म्हणजे सुरतेत गोडादऱ्याच्या नाक्यावरचं बन्सीलालचं फरसाणाचं दुकान. माझ्यातलं तेल आठ दिवसांत गाठिया आणि पापडीत गेलं, आणि मी रिकामा होऊन दुकानामागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. त्या रांगेतल्या माझ्या भावंडांची काय काय गत झाली, सांगतो. एकाची तळाला भोक पाडून कुंडी झाली. एकाला कापून ठोकून सपाट केलं आणि झोपडीच्या छपराला मारलं. एक बिचारा सकाळी सकाळी हातात धरून न्यायच्या पाण्याचा डबा झाला, त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. माझं नशीब थोर, म्हणून मला मंगलाबाईने उचललं.

मंगलाबाई खानदेशातली. अमळनेरच्या पुढे तिचं गाव. नवरा राघो यंत्रमागावर बारा तासांची पाळी करायचा आणि ती घरी बसून नव्या साड्यांचे लोंबते धागे कापायची. बन्सीलालच्या बायकोच्या चार साड्यांना तिने फॉल लावून दिला आणि बदल्यात मला मागून घेतलं. मग मगन पत्रेवाल्याने माझं डोकं कापलं (दुखलं, खोटं कशाला सांगू?), कडा दुमडल्या, बिजागरी लावून झाकण बसवलं, कडी-कोयंडा ठोकला. मंगलाबाईने उकळत्या पाण्यात सोडा टाकून मला धुतलं, राखेने घासलं, तीन दिवस उन्हात पालथं घातलं. तरी वर्षभर माझ्या पोटात जे ठेवाल त्याला सिंगतेलाचा वास यायचा. कोणी तक्रार केली नाही.

त्या एका खोलीत फुकट काही जात नव्हतं. साड्या यायच्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून. खोक्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद, कागदावर साडी नेसलेल्या बाईचा गुळगुळीत फोटो. एका साडीला एवढी आवरणं! पाळीवरचे लोक ती चुलीत घालत. मंगलाबाई खोक्यांची वह्यांना कव्हरं करायची, पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायची आणि फोटो माझ्यात जपून ठेवायची. तिची थोरली बहीण भागीरथी गावी राहायची. तिच्या घरच्या पोरींना ते फोटो फार आवडायचे, भिंतीला भाताच्या शितांनी चिकटवायच्या.

मी मुळात घेतला गेलो तो ह्याच कामासाठी, सुरत आणि गाव ह्यांच्यामध्ये ये-जा करायला. दिवाळीला सुकलाल नावाचा गावचा माणूस भुसावळ पॅसेंजरने गावी निघायचा, तेव्हा मी त्याच्या खांद्यावर. पोटात साड्यांचे उरलेले तुकडे, रंगीत दोऱ्यांची रिळं, झाकणाच्या रिकाम्या बाटल्या, पोरींसाठी ते फोटो. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की मी परत सुरतेला. तेव्हा पोटात भागीरथीच्या हातच्या बिबड्या. ज्वारीचं पीठ लसूण, तीळ, मिरची घालून शिजवायचं, ओल्या धोतरावर पातळ थापायचं आणि वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवायचं. गाडीत लोक माझ्यावर बसायचे, पत्ते खेळायचे. एका आजोबांनी तर नंदुरबारपर्यंत माझ्यावर तबला वाजवला.

एक रीत मात्र तुम्हाला सांगायलाच हवी. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काहीच नसेल तर मूठभर मीठ घालतात, गुळाचा खडा घालतात. रिकामं भांडं परत आलं म्हणजे समजायचं, की घेणंदेणं संपलं. भागीरथीकडे मी पोचलो की ती मला देवापुढे ठेवायची, शेजारच्या बायका जमायच्या आणि सगळ्यांसमोर माझं झाकण उघडायची. ही तिची वर्षातली मोठी ऐट होती. मलाही त्या वेळी थोडी शिष्टपणाची हुक्की यायचीच.

अशी सहा-सात वर्षं गेली. मंगलाबाईचा मुलगा वैभव मोठा झाला आणि बाजारात साड्यांच्या पॅकिंगला लागला. पोरगा गुणाचा, पण पॅकिंगचं भारी वेड. त्याला वाटायचं, वस्तूपेक्षा खोकं चांगलं हवं. घरात त्याने रंगीत झाकणांच्या प्लास्टिकच्या बरण्या आणल्या, एकावर एक बसणाऱ्या. मेल्या त्या बरण्या! एक पडली तर चारही पडायच्या, पण दिसायच्या छान. मला त्यांनी खाटेखाली सरकवलं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर राघोची बहीण भेस्तानला बाळंत झाली आणि मंगलाबाई तिच्याकडे गेली. जाताना वैभवला सांगून गेली, सुकलाल निघायच्या आत मावशीचा डबा भरून दे, घरात असेल ते घाल. आता आमच्या वैभवला चिंध्या आणि रिकाम्या बाटल्या पाठवायची लाज वाटली. त्याने बाजारातून घारी, ती सुरतेची तुपातली मिठाई, आणली, नवी साडी आणली. घारीचं खोकं सोनेरी कागदात, ते दुसऱ्या खोक्यात, वर रिबीन, वर जाड प्लास्टिक. आणि मला? मला त्याने दोन तास घासलं. इतका स्वच्छ मी जन्मल्या दिवशीही नव्हतो. मग सुकलालला म्हणाला, 'मावशीला सांगा, डबा तुमच्याकडेच राहू द्या. आम्हाला आता लागत नाही.'

मित्रांनो, त्या पोराच्या मनात काडीचं वाईट नव्हतं. त्याला ती रीत कोणी सांगितलीच नव्हती. मी ओरडून सांगितलं असतं, पण पत्र्याला तोंड असतं, जीभ नसते.

गावी भागीरथीने नेहमीसारखं मला देवापुढे ठेवलं. बायका जमल्या. सुकलालने निरोप जसाच्या तसा सांगितला. तिने झाकण उघडलं आणि आत हात घातला. आत माझा चकचकीत तळ होता, आणखी काही नव्हतं. एक म्हातारी 'अगं माय' म्हणाली आणि बायका एक एक करून उठून गेल्या. सोनेरी खोकं बाजूलाच होतं. पण ते दुकानातून आलं होतं, आणि ती मंगलाबाईच्या हातचं शोधत होती. मी तिचा चेहरा पाहिला. त्या दिवसाएवढी लाज मला कधी वाटली नाही.

मला वाटलं, आता माझी रवानगी गोठ्यात. पण वैशाख आला आणि भागीरथीने बिबड्या थापल्या. दर वर्षीएवढ्याच थापल्या. वाळल्यावर मला ओढून घेतलं आणि भरायला बसली. भरता भरता रडत होती, पदराने नाक पुसत होती आणि पुन्हा भरत होती. गळ्यापर्यंत भरला डबा. सुकलाल विचारायला आला तेव्हा मात्र ती त्याला तोडून म्हणाली, की सुरतेला काही न्यायचं नाही, त्यांना आपला डबा लागत नाही. आणि मला कणगीमागे सरकवून टाकलं.

काय सांगू, ते तीन महिने कसे काढले! सुरतेत मंगलाबाई वाट बघत असणार हे मला कळत होतं. गावात ही मनातल्या मनात झुरत होती हे दिसत होतं. दोघींच्या मधली वस्तू मी, पोटात सगळं घेऊन गप्प बसलेला. त्यातून पावसाळी दमट हवा. माझ्या एका कोपऱ्याला गंज तर आधीच धरू लागला होता. बिबड्या सादळल्या, अळी लागली, तर भागीरथी पुन्हा थापेल का, ह्याचीच मला धास्ती होती. माझ्याकडून होईल तेवढं झाकण मी घट्ट धरून होतो.

सुकलाल त्या वर्षी पेरणीसाठी थांबला आणि श्रावणात सुरतेला परतला, हात हलवत. पुढचं मी नंतर वैभवच्याच तोंडून ऐकलं, सुरतेला येताना गाडीत तो समोरच्या माणसाला सांगत होता. मंगलाबाईने डबा कुठे विचारलं. सुकलालने सगळं सांगितलं. तिने वैभवला हाक मारली आणि विचारलं, 'डबामा काय भरेल व्हतं तू?'

'काहीच नाही,' वैभव म्हणाला, 'चकाचक घासून पाठवला होता, आई.'

ती नुसती भिंतीला टेकून खाली बसली. दुसऱ्या दिवशी राघोला जेवणाचं सांगून, वैभवला कामावरून सुटी घ्यायला लावून, तिने सकाळची गाडी पकडली.

दोघं दारात आली तेव्हा भागीरथी तांदूळ निवडत होती. तिने पाणी दिलं, बसा म्हणाली, एवढंच. मंगलाबाई उंबऱ्याशीच टेकली. शेवटी वैभवच पुढे झाला. मान खाली घालून म्हणाला, 'मावशी, डबा मी रिकामा पाठवला. आईला माहीतच नव्हतं. मला वाटलं, खोकं चांगलं दिसेल.'

भागीरथीने तांदळातला एक खडा काढून फेकला. मग कणगीकडे बोट दाखवून म्हणाली, 'उचल तो. तुमनाच शे.'

वैभव एका हाताने कडीला धरून मला उचलायला गेला. मी जागचा हललो नाही. त्याने दोन्ही हात लावले, गुडघे टेकले. 'मावशी, हा जड आहे,' तो म्हणाला.

माझं झाकण उघडलं. वरती त्याचंच जाड प्लास्टिक नीट दुमडून पसरलेलं, दमट हवा शिरू नये म्हणून. बिबड्यांच्या प्रत्येक थराखाली त्याच्याच सोनेरी कागदाचा तुकडा. गंजलेल्या कोपऱ्याला त्याच्याच खोक्याचा पुठ्ठा, मापात कापून बसवलेला. आणि कडीला त्याचीच लाल रिबीन. बिबड्या वैशाखातल्याइतक्याच कडक होत्या. एकही सादळली नव्हती.

मंगलाबाईने एक बिबडी हातात घेतली आणि तिला रडूच कोसळलं. भागीरथीने सूप बाजूला ठेवलं, तिच्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, 'माले रिकामा डबा धाडता येस नही, माय.'

त्या दिवशी मी सुरतेला वैभवच्या मांडीवर आलो. उधन्याच्या स्टेशनवर माणसांची रेटारेटी झाली तरी त्याने मला खाली ठेवलं नाही.

आता मी म्हातारा झालो. कोपरा अखेर गंजला, बिजागरी एकच उरली. रंगीत बरण्या केव्हाच तडकून भंगारात गेल्या, त्याचं मला वाईट वाटत नाही. वैभव मात्र दर दिवाळीला मला स्वतः भरतो आणि बाजारातली खोकी उलगडून, कापून माझ्या तळाला घालतो. तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात माझ्यासारखं कोणी पडलं असेल. फेकायच्या आधी एकदा झाकण उघडून बघा, आणि तो डबा कोणाचा असेल तर परत करताना त्यात मूठभर काहीतरी घाला. अगदी मीठ घातलंत तरी चालेल.